कपाळावरची वेळ

कार्डं लावायचं काम माझ्याकडे आलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून. लढाई सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी आमचे सर्जन म्हणाले, "डॉक्टर असून हिचं लिहिलेलं वाचता येतं. हिलाच दारात उभी करा." सगळे हसले. त्यानंतर आमच्या अपघात विभागात फारसं कोणी हसलं नाही, म्हणून तो विनोद लक्षात राहिला.

काम असं होतं. जखमी आत आला की अर्ध्या मिनिटात ठरवायचं आणि त्याच्या गळ्यात कार्ड अडकवायचं. लाल म्हणजे ताबडतोब शस्त्रक्रियेला. पिवळं म्हणजे थोडं थांबू शकतो. हिरवं म्हणजे चालत आलाय, बाकावर बसू दे. आणि काळं. काळं म्हणजे भिंतीकडची रांग. दुखणं कमी होईल एवढं इंजेक्शन द्यायचं आणि कोणीतरी जवळ बसायचं.

विभाग म्हणजे पूर्वीचा बाह्यरुग्णांचा हॉल. खोकल्या-तापाची माणसं जिथे नंबर येईपर्यंत पेंगायची, तिथे आता बारा खाटा आणि सहा टेबलं लावली होती. फरशीला कोपऱ्यातल्या जाळीकडे उतार होता. अकरा वर्षं मी त्या हॉलमध्ये काम केलं, पण तो उतार कधी माझ्या नजरेत भरला नव्हता. आता दर तासाला मावशी पाणी ओतायच्या आणि सगळं एकाच दिशेला वाहत जायचं.

माझ्या शेजारी सिस्टर असायच्या. निवृत्तीला चार महिने उरलेल्या, गुडघ्यांनी जेरीला आलेल्या. "तीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता सगळं जग माझ्या विभागात," असं पहिल्या आठवड्यात म्हणायच्या. दुसऱ्या आठवड्यापासून तेही बंद झालं.

नवरा पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. तो पंपहाउसमध्येच मुक्कामाला होता. घरी मी आणि सासूबाई. त्यांना गाव सोडून धाकट्या दिरांकडे जायला सांगितलं, तर म्हणाल्या, "माझी हाडं इथल्या जिन्याला सरावलीत. दुसऱ्याचा जिना चढायचं वय नाही माझं." मी सकाळी सातला निघायचे आणि संध्याकाळी आले की सांगायचे तेवढंच, की आज किती आले. किती गेले ते त्या विचारत नसत.

पहिली गोष्ट घडली ती दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेअकराच्या सुमारास. अँब्युलन्स नदीच्या पुलावरून आली होती. पूल आमच्यापासून ऐंशी किलोमीटरवर. आमचे ड्रायव्हरमामा रोज तिकडे जाऊन येत. स्ट्रेचरवर एक सैनिक होता. उजवा हात कोपरापासून चिंधडलेला, पण वर पट्टा इतका नेटका आवळलेला की रक्त पूर्ण थांबलं होतं. असा पट्टा बांधला की कधी बांधला ती वेळ रोग्याच्या कपाळावर लिहायची असते; दोन तासांच्या पुढे गेला तर हात गमवावा लागतो. त्याच्या कपाळावर निळ्या मार्करने लिहिलं होतं, १०.०५. खाली दोन रेघा.

त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही माझ्याआधी कशा पोचलात?"

"कुठून?"

"पुलावरून. आत्ता तर तिथे होतात."

मी त्याच्या गळ्यात लाल कार्ड घातलं. वेदनेत माणूस आईला बायको म्हणतो आणि बायकोला आई, त्यात नवल काही नाही. पण त्याला आत नेल्यावर मी माझ्याच हातातल्या कार्डाकडे पाहत राहिले. शाळेत गणिताच्या बाईंनी लावलेली एक सवय मला आहे. उत्तर लिहिलं की खाली दोन रेघा ओढायच्या, दुसरी पहिलीहून आखूड. कार्डावर वेळ लिहिली की अजूनही माझ्या हातून तशा रेघा ओढल्या जातात. त्याच्या कपाळावरची दुसरी रेघ आखूड होती.

त्या गणिताच्या बाईंनी माझ्यासारख्या शेकडो मुलींना शिकवलं असेल. मी स्वतःला तेच सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या आठवड्यात आणखी चौघांनी मला ओळखलं. दोघांनी नुसती मान हलवली, जशी आपण नेहमीच्या दुकानदाराला हलवतो. एकीने माझा हात धरून "उपकार झाले तुमचे" म्हटलं. एका म्हाताऱ्याने तक्रार केली, "किती घट्ट बांधलंत हो बाई! हात लोखंडाचे आहेत का तुमचे?" मी ड्रायव्हरमामांना गाठलं. ते गाडीच्या पायरीवर बसून चहा पीत होते.

"मामा, तिकडे बांधायला कोण असतं?"

"जो जिवंत असतो तो बांधतो."

"कोणी बाई आहे का? डॉक्टर?"

मामांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "धुरात कोण कुणाचं तोंड बघतंय, बाई? मी गाडी उलटी लावतो, मागचं दार उघडतो. ते भरतात. मी निघतो." मग म्हणाले, "तुम्ही दिवसभर इथेच असता ना?"

"तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसता तर," मामा म्हणाले, आणि उरलेला चहा त्यांनी मातीत ओतला.

मी हजेरीचं रजिस्टर काढून पाहिलं. स्वतःची हजेरी तपासताना कसं वाटतं ते सांगणं अवघड आहे. रोज माझी सही होती, सकाळी सात, संध्याकाळी सात. घरी सासूबाईंना विचारलं, "मी झोपेत उठून कुठे जाते का हो?" त्या म्हणाल्या, "जाशील कशाला? घोरतेस ना इतकी, की शेजारचेही तुझा पत्ता सांगतील."

मग एक बस कंडक्टर आला. तोवर लढाई पुलाच्या अलीकडे सरकली होती. त्या दिवशीचे जखमी गिरणीच्या वस्तीतून आले होते, पन्नास किलोमीटरवरून. कंडक्टर स्वतःच्या पायांनी चालत आला. कानाची पाळी फाटली होती, बाकी धडधाकट. मी हिरवं कार्ड उचललं.

"तुम्ही सांगितलं होतं सांग म्हणून," तो म्हणाला.

"काय?"

"आत गेलास की सांग, पाठ बघा. म्हणून सांगतोय, पाठ बघा."

मी त्याला वळवलं. खाकी शर्टाला खांद्याच्या पात्याखाली, एखाद्या बटणाएवढा ओला डाग होता. शर्ट वर केला तर बारीकसं भोक. श्वास घेतला की त्यातून फेस यायचा. हिरवं कार्ड परत ठेवून मी लाल लावलं. दहा मिनिटांत त्याच्या छातीत नळी गेली आणि तो वाचला. बाकावर बसवला असता तर तासाभरात गुदमरून गेला असता, आणि ते कार्ड माझ्या अक्षरातलं असतं.

सिस्टरनी सगळं ऐकलं होतं. हात धुताना त्या हळूच म्हणाल्या, "जी कोण आहे ती काम चांगलं करते ना? मग करू दे. आपल्याकडे हातांची कमीच आहे."

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी चुकत गेले. तेव्हा ते चुकणं वाटलं नाही. येणारा प्रत्येक चौथा-पाचवा माणूस काहीतरी निरोप आणायचा. डावा पाय नाही, उजवा बघा. हिला पाणी देऊ नका. हा बोलत नाही कारण याला ऐकू येत नाही, शुद्धीवर आहे. सगळे निरोप खरे निघाले. मी माणूस तपासायच्या आधी विचारायला लागले, "काही सांगितलंय का?" ज्यांना काही सांगितलेलं नसायचं त्यांचा मला राग यायचा. एकदा सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, आधी नाडी बघा, मग गप्पा मारा." त्यांनी मला असं कधी सुनावलं नव्हतं.

आणि एका दुपारी सुतार आला.

त्याला तालुक्याच्या शाळेतून आणलं होतं, वीस किलोमीटरवरून. मांडीला जखम, वर उत्तम पट्टी. चांगला बोलत होता. बोटांच्या पेरांत लाकडाचा भुसा होता. स्ट्रेचरवरूनच त्याने आमच्या हॉलचं दार उघडताना-मिटताना पाहिलं आणि म्हणाला, "घासतंय तुमचं दार. वरचं बिजागर सैल आहे. जरा उठता आलं की बसवून देतो."

त्याच्या कपाळावर दोन रेघा होत्या. दुसरी आखूड. वर वेळ नव्हती. काहीच नव्हतं.

"काही सांगितलंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत. थोडा वेळ माझा हात धरून बसलात, मग पुढे गेलात."

त्याच वेळी शेजारच्या स्ट्रेचरवर एक बाई होती. तिच्या कुशीत लोखंडाचा तुकडा शिरला होता. शस्त्रक्रियेचं टेबल एकच मोकळं होतं. नाडी दोघांचीही एकशेवीसच्या पुढे. सुताराच्या पोटाला हात लावला तर कडक लागलं. मांडीतून वर काहीतरी गेलं असणार. बाईचं पोट मऊ होतं. पुस्तकाप्रमाणे सुतार आधी जायला हवा होता. सिस्टरनी त्याच्या स्ट्रेचरला हातही घातला होता.

"आधी ह्यांना घ्या," मी बाईकडे बोट केलं.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मग सुताराच्या कपाळाकडे. त्यांनी दुसरं स्ट्रेचर ढकललं.

सुतार मला आणखी पंधरा मिनिटं दारांविषयी सांगत होता. सागवानाचं दार पहिल्या वर्षी कसं कुरकुरतं, मग कसं निवतं. बोलता बोलता तो थांबला. मला वाटलं, शब्द आठवतोय.

संध्याकाळी सर्जन म्हणाले, "ती बाई दहा मिनिटंसुद्धा थांबली नसती. बरं केलंत." मी सुताराचं विचारलं. ते हातमोजे काढत होते. "तो? कोण सांगणार? आला असता तर बघितलं असतं."

त्याचा भाऊ न्यायला येण्याआधी मी स्पिरिटच्या बोळ्याने त्याचं कपाळ पुसलं. मार्करची शाई सहजी जात नाही. घासताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. तो जाणार होता म्हणून त्या रेघा होत्या, की रेघा होत्या म्हणून तो गेला? आणि त्या कुणी ओढल्या हा प्रश्न तरी वेगळा होता का? आधी कुणाला घ्यायचं ते तर मीच सांगितलं होतं. मोठ्याने, सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरना म्हटलं, "मला कुणाचं कपाळ बघायचं नाही." त्यांनी का ते विचारलं नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाचं भांडं घेऊन त्या माझ्या पुढे तीन पावलांवर उभ्या राहिल्या. येईल त्याचं कपाळ पुसायच्या, पट्ट्याची वेळ असली तर कार्डावर स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्यायच्या, मग माणूस माझ्याकडे. निरोप सांगू पाहणाऱ्याला म्हणायच्या, "बोलू नका, दमाल." मी पुन्हा नाडीपासून सुरुवात केली. चुका झाल्या. दोन मला माहीत आहेत. पण त्या माझ्या होत्या.

लढाई सरकत राहिली. शाळेनंतर वेशीवरचा पेट्रोल पंप, पंपानंतर बाजाराचा चौक. आता सैनिक कमी आणि घरातली माणसं जास्त येऊ लागली, हातात चाव्यांचे जुडगे, पायांत घरच्या सपाता. आणि सगळी बांधून आलेली. नेटकी, घट्ट.

लढाई आमच्या दारात आली तो दिवस बुधवार होता. दुपारी तीनच्या सुमारास दवाखान्यासमोरच्या रस्त्यावरच स्फोट झाला. खिडक्यांना कागद चिकटवले होते म्हणून काचा जागच्या जागी राहिल्या. गाड्या फाटकातून आत येईनात, म्हणून जखमींना रस्त्यावरच ओळीने झोपवून एकेक आत आणायचं ठरलं.

पहिले आत आणले ते एक मास्तर होते, पन्नाशीचे, नडगीचं हाड मोडलेले. पाय दोन फळ्यांमध्ये बांधलेला होता. मी त्यांची विजार कापायला लागले.

"बाई," ते म्हणाले, "आत्ता तर तुम्ही बाहेर होतात."

मामा मागून स्ट्रेचर घेऊन येत होते. ते दारातच थबकले. माझ्याकडे पाहिलं, मग वळून रस्त्याकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या हातातली दांडी खाली आली.

मी कात्री टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले.

ऊन लख्ख होतं. धुळीचा एक पातळ पडदा अजून हवेत होता. फाटकापासून औषधांच्या दुकानापर्यंत माणसांची ओळ. कोणी ओरडत नव्हतं. मी ओळीच्या कडेकडेने चालू लागले. कपाळांवर वेळा होत्या. ३.०४. ३.०६. ३.०७. मी वाकून एका अंकाला बोट लावलं. बोटाला निळं लागलं.

३.०९. ३.१०.

ओळीच्या टोकाला कोणीतरी पाठमोरं वाकलं होतं. पांढरा कोट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. दातांनी चिकटपट्टी तोडायची लकब. तशी लकब अनेकांना असते.

मी थांबले.

ती उठून उभी राहिली. गुडघ्यांची धूळ झटकली.

मागून, दारातून, सिस्टरची हाक आली. "डॉक्टर!"

आम्ही दोघीही वळलो.

उन्हाने डोळे दिपले होते. मी हाकेच्या दिशेने चालत गेले, पायऱ्या चढले, आत शिरले. सिस्टरनी कार्डांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत आम्ही एकूण त्रेसष्ट जणांना आत घेतलं. तो सगळा वेळ मला नीट आठवतो, एकेक माणूस.

शुक्रवारी शस्त्रसंधी झाली. त्यानंतरही जखमी येत राहिले. माघारी फिरणाऱ्यांच्या पायाखाली सुरुंग फुटायचे. पण ते कसेबसे बांधलेले असायचे, कोणाच्या ओढणीने, कोणाच्या बुटाच्या नाडीने. कोणी मला ओळखलं नाही. मी सिस्टरना तसं म्हटलं. त्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होत्या. "आता बाहेर कोणी नसेल," एवढंच म्हणाल्या, आणि गुंडाळी उलगडली म्हणून पुन्हा पहिल्यापासून करू लागल्या. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या चहाला त्यांनी सगळ्यांना मिठी मारली. मला नमस्कार केला.

घरी नवरा परत आला. दोन रात्री झोपल्यावर तो सासूबाईंना म्हणाला, "आई, हिचं घोरणं थांबलं की!" सासूबाई म्हणाल्या, "त्या बुधवारपासून बंद आहे." मीही हसले. शांत झोप लागते मला आता. भूकही चांगली लागते.

सहा आठवड्यांनी मास्तर प्लास्टर काढायला आले. प्लास्टर कापणारा माणूस रजेवर होता, म्हणून मीच बसले. पाय स्टुलावर घेतला, कात्री लावली. मास्तर गप्पिष्ट होते. शाळा पुन्हा भरते म्हणाले, तीन वर्ग एकाच खोलीत, पण भरते. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारलं, "त्या दुसऱ्या डॉक्टरबाई दिसत नाहीत?"

"कुठल्या?"

"त्या दिवशी आत होत्या त्या. माझी विजार कापली त्यांनी. आभार मानायचे राहिले."

"मीच होते, मास्तर."

लहान मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर शिक्षक जसे समजुतीने हसतात, तसे ते हसले.

"नाही हो. तुम्ही रस्त्यावरच्या. तुमचा चेहरा विसरेन का मी? पायाला फळ्या तुम्ही बांधल्यात, किती शांतपणे. त्या आतल्या बाईंचे हात नुसते लटपटत होते. घाबरल्या होत्या बिचाऱ्या." ते थोडे पुढे वाकले. "बऱ्या आहेत ना त्या?"

मी कात्री पुढे सरकवत राहिले. प्लास्टर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एका सरळ रेषेत कापलं गेलं, आणि माझा हात एकदाही हलला नाही.